अकरावी टेस्ट राइड

आशयचा डबा भरलेला परत येतो. गेले तीन आठवडे, जवळपास रोज. भरल्या वांग्याचा डबा न उघडता परत आणणारा मुलगा एकतर प्रेमात असतो, नाहीतर नोकरी सोडायच्या बेतात. चोविसाव्या वर्षापर्यंत त्याने तीन नोकऱ्या सोडल्या आहेत, त्यामुळे प्रेम असावं अशी मी देवाला प्रार्थना करत होते.

ही चौथी नोकरी स्कूटरच्या शोरूममधली. येणाऱ्याला गाडी दाखवायची, पाच मिनिटं चालवू द्यायची आणि विकायची. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आशयला येतात.

काल मालक गंगाधरभाऊंनी मला बोलावून घेतलं. मी ह्यांना न सांगता रिक्षाने गेले. त्यांनी चहाबरोबर समोसाही मागवला, तेव्हाच मला प्रकरण गंभीर वाटलं.

"ताई, पोट्टा गुणाचा आहे," ते म्हणाले, "पण गाडी विकून नाही राहिला, शिकवून राहिला."

मागच्या मैदानात टेस्ट राइडसाठी सात बायका उभ्या होत्या. गाडी घ्यायचा विचार एकीचाही नव्हता. इथल्या पुरानी बस्ती भागात चार घरी पोळ्या करणाऱ्या शेवंताबाईंची ही अकरावी टेस्ट राइड. अभनपूरहून एक आजी बसने आल्या होत्या. त्यांना अजून नुसता स्टँड काढता येत होता, पण तो त्या प्रत्येकीला काढून दाखवत होत्या.

शेवंताबाईंच्या गाडीपुढे आशय हात पाठीशी बांधून उलटा चालत होता. ब्रेक कधी दाबू, असं त्या घाबरून विचारत होत्या.

"आपको जब लगे, तब," तो म्हणाला.

मला ह्यांची शिकवणी आठवली. वीस वर्षांपूर्वी ह्यांनी हँडल स्वतःच धरून, ओरडून ओरडून मला गाडी शिकवली होती. तिसऱ्या मिनिटाला मी, हे आणि गाडी असे तिघेही मेंदीच्या कुंपणात होतो. नंतर मी गाडीला हात लावला नाही.

शेवंताबाईंची गाडी आशयच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबली. तो जसा हसला, तसा दहावीच्या निकालालाही हसला नव्हता. निकालही तसा हसण्यासारखा नव्हता म्हणा.

निघताना गंगाधरभाऊंनी बजावलं: सोमवारपासून नुसती विक्री, नाहीतर येऊ नको म्हणावं. तुम्हीच समजवा.

रात्री समजवायला बसले, तर त्याने बी.एड.ला नंबर लागल्याचा कागद पुढे केला. सोमवारपर्यंत प्रवेश घ्यायचा होता. गणित शिकवायचंय म्हणाला. मी चारही नोकऱ्या बोटांवर मोजून दाखवल्या. मनातलं बोलताना तो इथल्या हिंदीत शिरतो, तसा शिरला.

"आई, बाकी जगह मैं घड़ी देखता था. यहाँ टिफ़िन भूल जाता हूँ."

ह्यांचं मत, नोकरी धरून ठेवावी. मत देऊन हे घोरायला लागले. मी आजही जागी आहे. हा पाचव्यांदा कंटाळला तर, हा विचार काही जात नाही. पण सात बायकांच्या रांगेपुढे आशय कंटाळलेला नव्हता, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सकाळी मीच गंगाधरभाऊंना फोन करणार. सांगणार, आशय सोमवारपासून कॉलेजात जातोय. आणि त्याआधी शनिवारी, त्याच्या शेवटच्या दिवशी, रांगेत आठवं नाव माझं लिहा.