गल्लीतला हत्ती कुठे गेला?

दूध उतू जायच्या बेतात होतं, नवरा एक मोजा हातात धरून दुसऱ्याच्या शोधात घरभर फिरत होता आणि नणंद टेबलाशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. तेवढ्यात दार वाजलं. मावशीने गॅस बारीक करून दार उघडलं, तर समोर तिच्या मालिकेचा दिग्दर्शक. डोळे तांबारलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"मावशी, हत्ती कुठे गेला?"

नवरा मोजा विसरून बघत राहिला.

मावशी मुलांच्या एका कार्टून मालिकेसाठी चित्रं काढायची. पात्रं हलवणारे वेगळे. मावशीकडे पात्रांच्या मागे दिसणारी गल्ली: कोंबड्याचं अंगण, गाढवाचा गोठा, हत्तीची बेकरी. मालिकेचा कायदा एकच. भागात काय हवं ते पडो, फुटो, बुडो. शेवटच्या चित्रात सगळं जागच्या जागी हवं. पुढचा लेखक त्याच चित्रापासून गोष्ट सुरू करायचा.

मध्यंतरी एका भागात कोंबड्याच्या अंगणाचं फाटक उघडलं होतं. शेवटच्या चित्रात ते लावून घ्यायचं मावशी विसरली. चित्र पाठवल्यावर लक्षात आलं. सांगायला तिने फोन उचलला खरा, पण आदल्याच रात्रीचं नणंदेचं बोलणं आठवलं.

नणंद हवामान खात्यात. जेवताना केऑस थिअरीचा विषय निघाला होता.

"म्हणजे सगळा सावळागोंधळ?" मावशीने विचारलं होतं.

"गोंधळ असता तर मला पगार कशाचा देतात? नियम पक्के असतात गं वहिनी. पण सुरुवातीला केसभर फरक पडला, की पुढे कोसभर होतो. उद्याचा पाऊस मी सांगेन. पुढच्या महिन्यातला विचारलास, तर तोंड लपवेन."

"आणि आमच्या गल्लीत?"

"तुमच्या गल्लीत काय डोंबल होणार! दर वेळी झाडूनपुसून पहिल्यासारखं करता. केसाचा कोस व्हायला वाव कुठे?"

"वाव दिला तर?"

"दिलाय कुणी?"

मावशीने फोन ठेवून दिला होता.

पुढच्या लेखकाला फाटक उघडं दिसलं. त्याने कोंबड्याला फिरायला धाडलं. कोंबडा नाही म्हणून गाढवाला जाग नाही, गाढव झोपलेलं म्हणून पीठ नाही, पीठ नाही म्हणून हत्तीची भट्टी थंड. लेखकांना यात काही वावगं वाटलं नाही. समोर जे चित्र आलं, त्यावरून ते पुढे गेले. मावशीही आता विसरत नव्हती, मुद्दामच घडेल तसं शेवटचं चित्र रंगवत होती. आणि कालच्या भागात हत्तीने बेकरीला कुलूप घातलं, गाठोडं सोंडेत धरलं नि तो गाव सोडून गेला.

"चॅनेलवाले पेटलेत," दिग्दर्शक खुर्चीत कोसळत म्हणाला. "गल्ली पूर्वीसारखी करा, नाहीतर चित्रकार बदला म्हणतात."

"मी कायम सांगतो हिला," नवरा म्हणाला, "उघडलेलं लावत जा म्हणून. कपाटांचंही तेच!"

"मुलं काय म्हणताहेत?" नणंदेने विचारलं.

"काही रडली. बाकीची विचारताहेत, हत्ती कुठे गेला? मला कुठे ठाऊक!"

"लेखकाला?" मावशी पुढे झाली.

"तो म्हणतो, हत्तीलाच विचारा."

मावशीला हसू आलं. इतकी वर्षं प्रत्येक भागाचा शेवट तिला आधीच पाठ असायचा. ब्रश भिजवायच्या आधीच. आणि आज या खोलीत कुणालाच काही माहीत नव्हतं.

"हसताय काय! जुनीच गल्ली रंगवून द्या मावशी, काम तुमचंच राहील. हत्ती बेकरीत, विषय संपला."

मावशीने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"काम मला हवंय," ती म्हणाली. "गल्ली पूर्वीसारखी करून देते. पण त्याआधी एकच भाग असाच जाऊ द्या. हत्ती कुठे पोचतो, ते मला बघायचंय."