अर्धा लिटर, फेस सोडून

आठ वर्षं मी रोज संध्याकाळी किटली घेऊन आमच्या गवळ्याच्या कट्ट्यावर जातो आणि सांगतो, “अर्धा लिटर, फेस सोडून.” आठ वर्षं तो विचारतो, “पावणं, किती म्हणलासा?”

गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून दूध देणारा हा माणूस. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, तोंडात तालमीचं राजकारण, नजर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवर. परवा घरी दोन लिटर आलं. किटलीही माझी नव्हती. बायको म्हणाली, “गवळी बदला, न्हाईतर मी माहेरी जाते.”

काल फोनवर कुणाला तरी शिव्या हासडता हासडता तो मध्येच थांबला. फोन खाली ठेवला. म्हशीचं मागचं एक सड बोटांनी हळूच चाचपलं.

“गरम लागतंय. दगडी व्हायला लागलीया हिला.”

दगडी म्हणजे कास सुजून कडक होते आणि दूध नासतं. मी वाकून हात लावून बघितलं. मला काहीच कळलं नाही. त्यानं भरत आलेली अख्खी बादली गटारीत ओतली, डॉक्टरला बोलावलं आणि म्हशीच्या पोटाला गाल लावून, एक शब्द न बोलता कास चोळत बसला.

म्हणजे लक्ष देता येतं की या माणसाला!

मग हात धुऊन तो दुसऱ्या म्हशीखाली बसला. माझी किटली घेतली आणि वर बघितलं.

“पावणं, किती म्हणलासा?”

“द्या बाबा, काय द्यायचं ते.”