वलांडीची जागा

गोदूबाईचे सुके बोंबील बोईसरच्या बाजारात दुपारपर्यंत उरत नसत. ती ते वलांडीवर सुकवी. वलांडी म्हणजे बांबू रोवून आणि दोर ताणून उभा केलेला मांडव. त्यावर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगायच्या. समुद्रकाठच्या त्या कोळीवाड्यात प्रत्येक घराची वलांडीची जागा ठरलेली होती. कागद मात्र कुणाकडेच नव्हता. सासूने जिथे बांबू रोवले तिथे सुनेने रोवायचे, एवढाच कायदा. जेठात पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की वलांडी सोडून बांबू घरामागे रचायचे. मग दसऱ्यापर्यंत त्या जागेवर गवताचं राज्य.

पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यात पुंजाराम आला. बीडकडचा माणूस, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात लागलेला. बायको राहीबाई पोटुशी, आणि बोईसरात खोली परवडेना.

"मावशी, जागा रिकामीच हाये. चार महिने टेकू द्या."

गोदूबाईचा नवरा नवशा ओट्यावर जाळं सांधत होता. तो म्हणाला, "जावईच करून घे त्याला. मंग हलायचाच नाय."

"तुमी गप ऱ्हा. अवघडलेली बाय पावसात कुटं जाईल? पुंजाराम, दसऱ्याआधी जागा मोकळी करायची हां. तवा आमचे बोंबील येतात."

"आईची आण, मावशी."

गोदूबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाची रीतच होती ती. अडल्याला जागा द्यावी, हंगाम आला की त्याने आपण होऊन उठावं.

भाद्रपदात राहीबाईला मुलगी झाली. पोरीला न्हाऊमाखू गोदूबाईनेच घातलं. दसरा आला, पण ओल्या बाळंतिणीला ऊठ कुणी म्हणायचं? होळीपर्यंत थांबू असं ठरलं आणि त्या वर्षी अर्ध्याच जागेत वलांडी उभी राहिली. होळीला पुंजारामचा मेहुणा बिऱ्हाड घेऊन आला. खोपटाच्या कुडाच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या.

नवशाने गावकीत विषय काढला, तेव्हा पंच खाली मान घालून बसले. त्यांच्याही जागांवर एकेक बिऱ्हाड होतंच, आणि कुणीकुणी भाडंही घेत होतं. मग गोदूबाई नवऱ्याला घेऊन कचेरीत गेली.

"जमीन सरकारी आहे. तुमचं नाव कुठंय?" कारकुनाने विचारलं.

"नि त्याचं हाय?"

"त्याचंही नाही. पण तो बारा महिने राहतो, बाई. तुमचे बांबू पावसाळ्यात दिसत तरी असतात का?"

गोदूबाई नवशाला घेऊन कचेरीची पायरी उतरली.

पाच वर्षांत तिथे चाळ झाली, चाळीवर माळा चढला. दर्याकडचा वारा भिंतीला अडू लागला. उरलेल्या पट्टीतले बोंबील सुकायचे सोडून काळे पडू लागले. अशात एक दिवस राहीबाई दारात आली.

"मावशी, राग मानू नका. खोल्यांतली माणसं म्हणत्यात, वासानं घास उतरत नाही. माशा बी लई."

"मंग मी बोंबील कुटं सुकवू गं?"

"मला काय ठावं, मावशी." राहीबाईचे डोळे भरून आले. तिला खरोखरच वाईट वाटत होतं, पण त्याने जागा थोडीच वाढणार होती.

पुढचा हंगाम तोंडावर आला तशी गोदूबाई माहेरच्या पाड्यात गेली. चुलत बहीण ठमी हिची वलांडी ऐसपैस होती. ठमीने चहा ठेवला, पोराबाळांची चौकशी केली. चहा पुढ्यात आल्यावर गोदूबाईने विषय काढला.

"यंदाच्या हंगामापुरता एक कोपरा दे. मंग मी माझी सोय बघीन."

ठमीने आपला कप खाली ठेवला. "बाय, तुला नाय म्हनायला जीव होत नाय. पण हंगामापुरती दिलेली जागा परत येते का? तूच सांग."

चहा संपवून गोदूबाई उठली.

त्या वर्षी नवशाच्या होडीतले बोंबील ओलेच विकले गेले. बंदरावर बर्फवाला व्यापारी उभा असे. तो म्हणेल त्या भावाला गोदूबाई टोपली त्याच्यापुढे रिकामी करी आणि सकाळी सकाळीच घरी येऊन बसे. दिवसभर करायला हाताला काही उरलं नव्हतं.