सरांचे राष्ट्राध्यक्ष

स्टाफरूमच्या दारात थबकायचं, एक हात चौकटीवर ठेवायचा आणि घसा खाकरून म्हणायचं, "सन्माननीय सभासदहो, देशाची प्रकृती उत्तम आहे." सरांचा दिवस असा सुरू व्हायचा. कुणी विचारलंच, "आणि तुमची, सर?" तर म्हणायचे, "तिचा निवेदनात उल्लेख नाही."

इंदापूरच्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे, मी मराठी. दोघंही बारामतीहून एकाच एसटीनं यायचो. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, जो शेजारी बसलेला असतो आणि तरी तिथं नसतो. सर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत असायचे. तिथले राष्ट्राध्यक्ष दर हिवाळ्यात संसदेला देशाचा हालहवाल कळवत. शतकभर ते स्वतः सभागृहात गेलेच नाहीत. लिहून पाठवायचे, कारकून वाचून दाखवायचा. ती निवेदनं सर मराठीत आणत होते.

"सर, आज काय म्हणत्यात राष्ट्राध्यक्ष?" कंडक्टर तिकीट देता देता विचारायचा.

"पीकपाणी बरं आहे म्हणतात. जकातीवरून भांडणं चाललीत."

"म्हंजी आपल्यासारखंच हाय की!"

सर हलक्या आवाजात वाचत राहायचे. बंदरं, दीपस्तंभ, दूरच्या राजांशी केलेले तह. खिडकीबाहेर उसाला तुरे आलेले असायचे आणि डुलकी लागता लागता मला वाटायचं, या पांढऱ्या तुऱ्यांपलीकडे खरंच एखादं जहाज नांगर टाकून उभं असेल.

मग एका निवेदनाशी येऊन सरांचं भाषांतर अडलं. त्यात राष्ट्राध्यक्षांनी सभागृहाला कळवलं होतं, की तिथल्या मूळ रहिवाशांना मोठ्या नदीपलीकडे हलवण्याचं काम नीट चाललं आहे आणि ते त्यांच्याच भल्याचं आहे. सरांचं स्वतःचं गाव धरणाच्या फुगवट्यात गेलेलं. आत्याच्या मांडीवर बसून, बैलगाडीतून ते नव्या गावठाणात आले होते.

"हलवणे," ते म्हणाले, "हा शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही हो."

एका रविवारी ते मला गावठाणातल्या विहारात घेऊन गेले. म्हातारी मंडळी सतरंजीवर बसली होती. सरांनी तेच निवेदन वाचलं. त्यांच्या आत्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"ह्यो सायब कुठला म्हनायचा?"

"अमेरिकेचा, आत्या. लई जुना."

"मग त्याला आपलं गाव कसं ठावं?"

कुणी हसलं नाही. आत्यांनी डोळे उघडले.

"आन् ती मान्सं? ती काय म्हनली?"

 इतकी वर्षं सर एकाच बाजूचं वाचत आले होते.

त्यानंतर त्यांनी राष्ट्राध्यक्ष बाजूला ठेवले. शोधता शोधता त्यांना कळलं, की त्या लोकांनीही त्याच सभागृहाला अर्ज केले होते: आमची माणसं इथल्या मातीत आहेत, आम्हाला इथंच राहू द्या. त्यातला एक अर्ज सर मराठीत उतरवू लागले. बसमध्ये वाचताना त्यांच्या तोंडी आपोआप 'आमी' आणि 'हितं' येऊ लागलं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

वाचून दाखवायला गेलो तर आत्या म्हणाल्या, "हितं नगं. आपल्या गावात वाच."

"आता कुठं गाव राहिलं, आत्या?"

"पान्याखाली हाय. पर हाय न्हवं?"

सरांनी एका मच्छीमाराची होडी ठरवली. होडी लहान होती, म्हणून मी काठावर थांबलो.

गेल्या हिवाळ्यात सर गेले, झोपेतच. निवेदनांचं पुस्तक अपुरं राहिलं. मला मात्र ते त्या सकाळचेच दिसतात. विरळ धुकं होतं. होडी मध्यावर थांबली. आत्या वाकून खाली बघत राहिल्या, मग त्यांनी एका जागी बोट दाखवलं. सर उभे राहिले. ते डगमगायला लागल्यावर मच्छीमारानं त्यांना कमरेला धरलं. माझ्यापर्यंत शब्द पोचत नव्हते, नुसता सूर येत होता. वाचन सुरू झालं तसा आत्यांनी पाण्यात हात बुडवला आणि ते संपेपर्यंत बाहेर काढला नाही.