अर्जुनरावांच्या दारातलं गटार

अर्जुनराव पंच चावडीत बोलायला लागले की वरच्या आळीला घरबसल्या ऐकू जायचं. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहायचो, त्यामुळे त्या आवाजाचा सर्वांत मोठा वाटेकरी मी. पण माणूस खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून कुणाला तसं वाटायला नको.

आमचं गाव चाकणच्या बाजारवाटेवरचं, उतारावर वसलेलं. वरच्या आळीतलं पावसाचं पाणी अर्जुनरावांच्या दारातल्या वळणापर्यंत यायचं आणि तिथून ओढ्याकडं जायचं सोडून थेट खालच्या कुंभारआळीत घुसायचं. पंचावन्न-छप्पन साल असेल. तालुक्याच्या साहेबांनी पक्क्या दगडी गटाराचा नकाशा काढून दिला. तो पंचायतीच्या भिंतीवर शोभून दिसायचा, पण गटार बांधायला पंचायतीकडं पैसा नव्हता. तेव्हा अर्जुनरावांनी तोडगा काढला: ज्याच्या दारापुढचं गटार, त्यानं ते खणायचं. वरपासून ओढ्यापर्यंत दोरी धरून उतार बघायचं काम त्यांचं.

आणि खणून घेतलं हो त्यांनी! एकाच्या दारात मुंजोबाचा दगड होता. देव हलवला तर कोप होईल, म्हणून तो अडून बसला. अर्जुनराव म्हणाले, "मुंजोबा वाईच सरकल. पाणी न्हाई सरकायचं." नारळ फोडला आणि दगड सरकवला. कुंभारआळीतून एक फाटा मोठ्या गटाराला मिळायचा होता. तिथली गोजाबाई विधवा, घरात दुसरं माणूस नाही. माझ्या दारातलं कुणीतरी खणून द्या, एवढंच ती म्हणाली.

"सवलत कुणाला न्हाई, गोजाबाई!" अर्जुनराव सगळ्यांदेखत गरजले. तिनं पदर खोचला आणि कुदळ उचलली.

त्या पावसाळ्यात कुंभारआळी कोरडी राहिली. अर्जुनरावांची मान ताठ झाली, आणि खरं सांगायचं तर आमचीही.

पुढच्या वैशाखात त्यांच्या लेकीचं लग्न निघालं. मांडव दारात, आणि दारात आडवं गटार. पंगती बसवायच्या कुठं? अर्जुनरावांनी आपल्या दारापुढचं गटार मुरूम टाकून बुजवलं, धुमसानं चोपून सपाट केलं. "लगीन उरकलं की उकरून टाकतो," असं त्यांनी ज्याला त्याला सांगितलं. त्याच मुरमावर बसून आम्ही बुंदी खाल्ली. लग्नाची मडकी गोजाबाईच्या हातची. ती तिनं मांडवाबाहेर ठेवली आणि तिथूनच माघारी फिरली. विधवेनं मांडवाखाली यायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मांडव उतरला, मुरूम मात्र राहिला. लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी येते ते मांडवपरतणं. ते होईस्तोवर मांडवाच्या जागेत कुदळ घालायची नाही, असं अंबुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बजावलं होतं. आणि व्याही आज पाठवतो, उद्या पाठवतो म्हणत होते. ज्येष्ठ लागला. अर्जुनराव दारात उभं राहून आभाळाकडं बघायचे. मी एकदा विचारलंच, "पंच, गटाराचं काय?"

"हिचं मन मोडवत न्हाई," ते हळूच म्हणाले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. मन एकट्या अंबुबाईंचं नव्हतं. लेकीच्या संसाराला काही लागू नये, ही धास्ती त्यांच्याही पोटात होती. पण हे बोलायचं कोणत्या तोंडानं? मुंजोबावाला समोरून आला की ते हल्ली गल्ली बदलायचे.

मग एका दुपारी वळवाचा पाऊस गारांसकट कोसळला. गटार तुडुंब भरून खळाळत आलं, मुरमाला धडकलं, क्षणभर थबकलं आणि जुन्या वाटेनं कुंभारआळीत उतरलं.

आम्ही धावलो. गोजाबाईनं पावसाळ्याआधीची शेवटची भट्टी लावायची म्हणून कच्ची मडकी अंगणात मांडली होती. पावसाळाभर तिची चूल त्यांच्यावरच पेटायची. आम्ही पोचलो तेव्हा मडकी जागच्या जागी बसत होती. गळे वाकले, पोटं फुटली, बघता बघता चिखल झाला. गोजाबाई त्या पाण्यात उभी होती. मागून अर्जुनराव आले. त्यांनी एक मडकं उचलायला हात घातला, ते बोटांतून चिखल होऊन गळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीच्या आवाजानं मी बाहेर आलो. अर्जुनरावांच्या दारातला मुरूम गोजाबाई खणत होती. आळी गोळा झाली. अर्जुनराव बाहेर आले.

"गोजाबाई, हे काय करताय?"

"तुमच्या लेकीचं मांडवपरतणं व्हायचंय न्हवं? तुमाला कुदळ घालता येत न्हाई," ती म्हणाली. "मी काय, त्या मांडवात आलेच न्हवते. मला कशाचा दोष?"

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. आमच्यापैकी कुणाची मान वर होईना.

अर्जुनरावांनी कुदळीला हात घातला. तिनं ती सोडली नाही. तेव्हा ते तसेच खाली उतरले आणि हातांनीच मुरूम पाटीत भरायला लागले. अंबुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आम्हीही मग पाट्या घेतल्या. ते आम्हाला गोजाबाईनं आपल्या दारातलं गटार एकटीनं खणलं तेव्हाच सुचायला हवं होतं.

आषाढात लेक आली. गटार वाहतं होतं. घरात पाहुण्यांसाठी पुरण शिजत असताना अर्जुनराव स्वतः कुंभारआळीत गेले. मीही मागोमाग होतो.

"जेवायला चला, गोजाबाई. माझ्या दारात, पहिल्या पंगतीला बसा."

गोजाबाई मडक्यांच्या मातीचा ओला गारा पायांनी तुडवत होती. पाय न थांबवता तिनं विचारलं, "गटार वाहतंय न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की. पाव्हनं खोळंबलं असतील, जावा."

अर्जुनराव माघारी आले. पण घरात गेले नाहीत. पंगत सुरू झाली, आतून हाका आल्या, तरी ते गटाराच्या काठाशी वहाणा हातात धरून उभेच होते. मी समोरून बघत होतो. त्यांना 'आत चला' म्हणायचीही मला लाज वाटली.