जुनं टेबल, नवं टेबल आणि हलणारा खिळा

रविवार, दोन हजार तीन सालातला, दिवाळी उलटून गेल्यावरचा. हजर : मी, भातसानगरच्या क्वार्टरमध्ये, फोनच्या या टोकाला. मुलगी, इयत्ता आठवी, कल्याणला, त्या टोकाला. बायकोही कल्याणलाच, पण स्वयंपाकघरात. तिला हजर धरायचं की नाही ते मी ठरवलं नाही. विषय : पिनबॉल, जुना आणि नवा.

भातसा धरणाच्या स्टोअरमध्ये मी भांडारपाल होतो. वस्तू आली की नोंद, गेली की नोंद. मुलीच्या शाळेसाठी दोघी कल्याणला राहायला गेल्या, तेव्हा एकट्यानं राहायची कामंही मी अशीच उरकली. दूध बंद केलं, एक पलंग शेजारच्यांना दिला, ताटं वरच्या फळीवर ठेवली. एवढं झाल्यावर एकच प्रश्न उरला : मुलीशी बोलायचं काय? आठवडाभर वाट बघून फोन लावायचा, "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." पुढं तारेत नुसती खरखर. दुसऱ्यानं आधी फोन ठेवावा, याची दोघंही वाट बघत.

ती अडचण कॉम्प्युटरवरच्या पिनबॉलच्या खेळानं सोडवली. शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासनं जुनी मशीनं विकायला काढली, त्यातलं एक माझ्याकडं होतं. त्यात पिनबॉलची जुनी आवृत्ती, एकच टेबल, म्हणजे चेंडू खेळवायचा एकच पट. कल्याणच्या नव्या मशीनबरोबर सीडीवर नवी आवृत्ती आली होती, टेबलंच टेबलं. मी म्हटलं, दोन्हींची तुलना करू. मुद्दे मीच काढले : चेंडूचं वजन, चेंडू उडवणाऱ्या दांडीचा, म्हणजे फ्लिपरचा जोर, टेबलाला धक्का दिला तर किती सहन करतं, आवाज, आणि शेवटी रंग.

नव्या टेबलांना रंगात पैकीच्या पैकी होते. समुद्र, किल्ला, सर्कस, सगळं होतं. चेंडू मात्र भिकार.

"बाबा, फुग्यासारखा वर जातो. खाली यायचं विसरतो."

"फ्लिपरच्या टोकाला लागला तर?"

"टोकाला लागो नाहीतर मुळाशी, एकाच दिशेला जातो. तुमचा जुनाच बरा."

मी लगेच माझा जुना लावून खात्री करायचो. टोकाला लागला तर तिरका, मुळाशी लागला तर सरळ वर. चेंडूला वजन होतं. पडताना दोन फ्लिपरच्या मधून धपकन पडायचा. हे तिला सांगायचं, तिनं त्यावर बोलायचं, असा फोन भरून जायचा. ठेवल्यावर पंख्याचा आवाज येई. आमच्या रांगेतल्या निम्म्या क्वार्टरना तेव्हा कुलपं लागली होती.

या विषयातला खरा जाणकार माझा बाप, आम्हा भावंडांचा दादा. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात आमचं घर. जत्रेत बघून आलेला बॅगाटेलचा खेळ त्यानं घरी बनवला होता. सागाची फळी, त्यावर खिळ्यांची कुंपणं, बेअरिंगमधून काढलेले छर्रे. वरच्या टोकाखाली भात मोजायची लाकडी अधोली पालथी घालायची, की झाला उतार. अधोलीची कड एका बाजूला झिजलेली, त्यामुळं प्रत्येक छर्रा थोडा डावीकडं ओढायचा. आम्ही भावंडं ते धरूनच नेम लावायचो.

म्हातारा एकदा क्वार्टरला आला होता. त्याला पिनबॉल दाखवला. त्यानं मॉनिटरच्या मागं डोकावून पाहिलं.

"आन उतार कुठं हाय रे?"

"आत हाय, दादा."

"आत म्हंजे? दिसत तं नाय." त्यानं विटेचा तुकडा आणून मॉनिटरखाली सरकवला. "हां. आता मार."

चेंडू जास्त जोरात आला, असं मलाही वाटलं. वीट मी नंतरही काढली नाही.

म्हातारा गेला त्या वर्षी फळी आणि अधोली मुलीनं मागून घेतली. भावाला वाटलं, कल्याणच्या खोलीत ठेवणार कुठं? पण ती ऐकेना.

त्यानंतर काही महिन्यांनी तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, नवीन टेबल सापडलंय. साधंच आहे, रंगबिंग नाहीत. पण चेंडू एकदम खरा."

"वजन?"

"थांबा." मग टिण्, टिण्, टिण्, आणि घरंगळत गेल्याचा आवाज. "भरपूर. आणि थोडा डावीकडं ओढतो."

"आवाज फार सुंदर दिलाय गं."

"हो ना. वरून तिसरी पिन हलते. लागली की थरथरते."

मी थक्क झालो. पिन सैल ठेवण्यापर्यंत बारकावा! निकाल फिरवला, नवी आवृत्ती पुढं. स्टोअरमध्ये व्हॉल्व्हवरच्या गड्याला हे कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझ्या चेंडूचं ऱ्हाऊ दे. माझ्या व्हॉल्व्हला ग्रीस कवा देतोस ते बोल."

ते टेबल डोळ्यांनी बघायचंच होतं. नवा तांदूळ पोचवायचं निमित्त करून मी न कळवता कल्याणला गेलो. मुलगी शिकवणीला गेली होती. मशीन लावलं, शोधलं. पिनबॉल कुठंच नव्हता.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, तो तिनं केव्हाच काढून टाकला. कंटाळली होती. मशीनही अडकायचं."

"मग रविवारी ती काय सांगते मला?"

तिनं पिठाच्या हातानं फोनकडं दाखवलं. फोनच्या खाली, चटईवर, म्हाताऱ्याची फळी होती. वरच्या टोकाखाली अधोली.

"तुमचा फोन यायच्या आधी मांडून बसते. तुम्ही विचारता, ती छर्रा सोडते, बघते आणि सांगते."

मी चटईवर बसलो. एक छर्रा सोडला. तो डावीकडं ओढत आला, वरच्या तिसऱ्या खिळ्याला लागला आणि खिळा थरथरला. बूड सैल झालं होतं. असं काही दिसलं की माझा हात थांबत नाही. हातोडी कुठं आहे ते मला माहीत होतं. उठून आणलीही.

"ठोकून टाका एकदाचा," बायको म्हणाली.

हातोडी उचलली आणि खाली ठेवली. खिळा पक्का झाला तर पोरीला कळणार, बाबांनी पाहिलं. मग रविवारी ती कशासाठी मांडून बसेल?

"मी हे बघितलं ते तिला सांगू नकोस."

"तुमचं तुम्ही बघा," तिनं भाकरी उलटली. "रविवारी मला कोण विचारतंय?"

पुढच्या रविवारी फोन लावला. आधी बायकोला बोलावून घेतलं, तांदूळ कसा निघाला ते विचारलं. मग मुलगी आली. मुद्दे नेहमीचेच.

"तिसरी पिन?"

टिण्. "हलतेच आहे, बाबा."

शहापूरच्या बाजारातून पाऊण इंची खिळा आणून ठेवलाय. इथं क्वार्टरमध्ये, फोनजवळच्या वाटीत आहे. बसवायचं काम बाकी.