शून्य अपघातांचा माणूस

खुर्सीपार वस्तीत केवलराम मेश्रामांना लोक डॉक्टर म्हणत, आणि तो टोमणा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आले नाही. बत्तीस वर्षे त्यांनी एका ठेकेदाराच्या शेडमध्ये प्रथमोपचाराची पेटी सांभाळली. पेटीत कापूस, आयोडीन आणि मुदत संपलेले मलम असे. खरे काम निराळेच होते. शेडच्या दारात फलक होता, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारा. कुणाचा हात चिरला, कुणाच्या पायावर लोखंड पडले, की केवलराम पट्टी बांधत, त्याला रेस्ट रूममध्ये बसवत आणि त्याची हजेरी लावून टाकत. दवाखान्यात नेलेच नाही, म्हणजे अपघात झालाच नाही. आकडा सातशेवर गेला तेव्हा ठेकेदाराने त्यांना घड्याळ दिले. त्या सातशे दिवसांत एका वेल्डरची दोन बोटे गेली होती. त्याचे नाव केवलरामांना आठवत नाही.

निवृत्तीनंतर ही विद्या त्यांनी घरी वापरली.

सून आम्रपालीचे सिझेरियन झाले, मुलगी झाली. पाचव्या दिवशी ती घरी आली, आणि मुलगा राजदीप कोरब्याला आपल्या नोकरीवर परतला. नवव्या दिवशी, फिकट होत आलेला रक्तस्राव पुन्हा लालभडक झाला. केवलरामांची बायको रुक्मा हिने ते त्यांच्या कानावर घातले. पेपरातून डोके न काढता त्यांनी निकाल दिला: खराब रक्त आहे, निघून जाऊ दे. मग मेडिकलमधून टॉनिकची बाटली आणली आणि दोन दिवस शेजाऱ्यांना तिची किंमत सांगितली.

वस्तीतली मितानिन, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, कौशल्या बाळंतिणीची विचारपूस करायला दोनदा आली. पॅड किती लागतात, ताप येतो का, स्रावाला वास आहे का, हे तिला आम्रपालीच्या तोंडून ऐकायचे होते. दोन्ही वेळा केवलराम दारात आडवे उभे राहिले.

"सब ठीक है, बहनजी."

आत रुक्मा कपडे भिजवत हे ऐकत होती. या माणसाला काहीतरी कळते असे ती तीस वर्षे धरून चालली होती. आता बादलीतले लाल पाणी पाहताना तिला त्या तीस वर्षांची किळस आली. पण दुसऱ्या वेळीही ती दाराशी न जाता कपडे पिळत राहिली.

एकविसाव्या दिवशी आम्रपालीला न्हाणीत भोवळ आली. लिंबाएवढी रक्ताची गाठ पडली होती. रुक्माने या वेळी कुणाला विचारले नाही. १०२ वर फोन लावून ॲम्ब्युलन्स बोलावली. केवलराम इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हरशेजारी बसले.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारले, कधीपासून? आम्रपालीचे ओठ हलले, पण उत्तर सासऱ्याने दिले. कालपासून, थोडेसे, पोरगी जरा घाबरट आहे. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता. बाई म्हणाल्या, तसे असेल तर गर्भाशय आवळायचे इंजेक्शन देऊ आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहू. केवलरामांनी समाधानाने मान हलवली.

"बारा दिवस झाले," रुक्मा म्हणाली. "तापाची गोळी यायनं सकाळीच देली, म्हून ताप दिसून नाही राहिला. वास येते. पॅड मी बदलून राहिली, मले विचारा. हे खोटं बोलून राहिले."

"तुले काय समजते?" केवलराम म्हणाले.

"तुमच्यापेक्षा जास्त. तुमी एकदा तरी पाह्यलं का?"

डॉक्टर बाईंनी लिहिलेले खोडले. रक्त तपासायला गेले, सोनोग्राफी झाली. आत वारेचा तुकडा राहून गेला होता आणि जंतुसंसर्ग झाला होता. वाट पाहत बसलो असतो तर संध्याकाळी उपाय कमी उरले असते, एवढेच बाई म्हणाल्या. पुढचे त्यांनी केवलरामांकडे पाठ करून आम्रपालीला सांगितले. आधी अँटिबायोटिक आणि रक्ताच्या बाटल्या, मग सोनोग्राफीत पाहत तुकडा ओढून काढायचा. तेवढ्याने भागले नाही तर गर्भाशयात फुगा घालून दाब द्यायचा. तरीही थांबले नाही तर रायपूरला नेऊन रक्तवाहिनी आतून बंद करता येते. आणि जीवावरच बेतले तर गर्भाशय काढावे लागेल.

केवलरामांनी खिशातून पेन काढून सहीसाठी हात पुढे केला. बाईंनी कागद त्यांच्या हातावरून नेऊन आम्रपालीपुढे धरला. तिने वाकड्या अक्षरात सही केली.

तुकडा निघाला. दोन बाटल्या रक्त चढले. संध्याकाळपर्यंत स्राव ओसरला. फुग्याची गरज पडली नाही. आम्रपालीने पाणी मागितले, मग मुलगी मागितली.

बाहेर व्हरांड्यात केवलराम जुन्या सोबत्याला, श्यामरावांना, फोनवर सांगत होते की आपण वेळेवर ओळखले म्हणून सून वाचली. रुक्माने ते शेवटपर्यंत ऐकले. मग ती आत जाऊन नर्सला म्हणाली, "सिस्टर, ते बाहेर फोनवर बोलून राहिले ना, त्यायले आत नका येऊ देऊ."

ते पेशंटचे कोण, असे नर्सने विचारले.

"सासरा," रुक्मा म्हणाली, आणि तिनेच दार ओढून घेतले.